तबकडीची दुसरी बाजू

गावानं आपल्यातल्या एखाद्याला वाळीत टाकलं तर आपण पत्रक काढतो, मोर्चा काढतो, तहसीलदाराच्या दारात बसून राहतो. पण आपल्याच वस्तीनं आपल्याच माणसाशी हळूहळू बोलणं बंद केलं, तर तो मोर्चा कुणाच्या दारावर न्यायचा?

हा प्रश्न मी भर सभेत विचारला होता. अध्यक्षांनी पाण्याचा घोट घेतला आणि पुढच्या वक्त्याला पुकारलं. म्हणून आता लिहून विचारतो.

ज्याच्याबद्दल लिहितो आहे तो माझा मित्र. माझ्यापेक्षा बराच मोठा, पण आम्ही एकमेकांना अरेतुरे करतो. मानोऱ्याच्या बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे आणि एक फळी. फळीवर पोट उघडे पडलेले रेडिओ, आणि त्यांच्या मागे वाकलेला तो. आमची घरं एकाच वस्तीत. तो सकाळी सायकलवर मानोऱ्याला जायचा आणि मी कधी वाशीमला कॉलेजात, कधी त्याच्या दुकानात. खरं सांगायचं तर दुकानातच जास्त.

मी अक्षरं शाळेत शिकलो नाही. आमच्या घराच्या कुडातून वारा येई म्हणून काकानं आतून सभांची पत्रकं चिकटवली होती. गुलाबी, पिवळी, हिरवी. पडल्या पडल्या मी ती वाचायचो. त्यामुळे मला वाचता आलेला पहिला शब्द 'आई' नाही, 'प्रचंड' आहे. 'प्रचंड जाहीर सभा'. पुढं मीही पत्रकं लिहू लागलो. मला वाटायचं, जगात जे काही बदलायचं आहे ते शब्दांनीच बदलणार. गाणी ठीक आहेत, लोक जमेपर्यंत.

तो मात्र गाण्याचा माणूस. जयंतीला आमच्या गायन पार्टीत तोच पुढं असायचा. केनवडपासून पार अकोल्यापर्यंत त्याला बोलावणी येत. त्याच्या पार्टीत पेटी होती, तबला होता, खंजिरी होती. दफडं, म्हणजे हलगीसारखं चामड्याचं चपटं वाद्य, नव्हतं. आमच्याकडे दफडं असूच शकत नाही. कारण सांगतो, कारण आता लहान पोरांना ते ठाऊक नाही.

धर्मांतराच्या आधी गावात लग्न असो की मयत, पुढं दफडं वाजवत चालायचं काम आमच्या लोकांचं. धूळ आधी आमच्या तोंडात, मग नवरदेवाच्या. माझ्या मित्राचा बाप त्या कामात सगळ्यांत तयार. दीक्षा घेऊन परत आल्यावर वस्तीनं ठरवलं की आता कोणीही दफड्याला हात लावायचा नाही. त्याच्या बापानं स्वतःच्या हातानं चामडं फाडलं आणि लाकडी कडं चुलीत घातलं. त्या दिवसाची भाकर त्या जाळावर भाजली, असं त्याची आई सांगते. पुढं पाटलाकडचं लग्न निघालं. वाजवायला कोणी गेलं नाही, म्हणून वस्तीची विहिरीकडची वाट बंद झाली, शेतावरची कामं बंद झाली. तरी कोणी गेलं नाही. मी ज्या लोकांत जन्मलो त्यांच्याबद्दल मला जो अभिमान आहे, त्यातला अर्ध्याहून जास्त या एका गोष्टीचा आहे.

माझा मित्र त्या वेळी सात-आठ वर्षांचा असेल. बापामागून मिरवणुकांत चाललेला. ताल त्याच्या कानात होता. मी तर तेव्हा रांगत होतो.

एकदा दुकानात एक स्पूलचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आला आणि मालक बदली होऊन निघून गेला. यंत्र तिथंच राहिलं. त्यानं ते सुरू केलं आणि मग त्याला वेडच लागलं. मिरची कुटणाऱ्या बायांचा आवाज धर, शेतातलं ऑईल इंजिन धर, उफणताना ज्वारी सुपातून पडते तो आवाज धर. पोहरादेवीच्या यात्रेत तो दिवसभर यंत्र पोटाशी धरून बसला आणि कशाचा आवाज घेतला? भजनाचा नाही. हजारो अनवाणी पायांचा. ती फीत तो ब्लेडनं कापायचा, तुकडे चिकटपट्टीनं जोडायचा आणि पुन्हा ऐकायचा. गिऱ्हाईक रेडिओसाठी ताटकळत उभं.

"हे काय करून राह्यला तू?" मी एकदा वैतागून विचारलं.

"आयक."

मी ऐकलं. मिरचीचं मुसळ, इंजिन, पाय, सूप, सगळं एका चालीत बसवलेलं. चाल पुढं जायची, जायची, आणि एका ठिकाणी एकदम काहीच नाही. रिकामं. मग पुन्हा चाल सुरू.

"इथं फीत तुटली काय?"

"नाई. तिथं दफड्याची मोठी थाप पडे. नवरदेवाच्या म्होरची चाल हाय हे. सारी चाल ठेवली, थाप काढून टाकली."

"कायले?"

त्यानं ब्लेड पुसलं. "दफडं तं कोणीबी वाजवते, गड्या. सोडलेलं दफडं कसं वाजते, ते मले पाह्याचं हाय."

मी त्या दिवशी त्याला म्हणालो की हे लोकांना कळणार नाही, याच्यावर दोन ओळी शब्द घाल. तो म्हणाला, "दोन वळी तू घालतच राह्यतं, मी कायले घालू?" आणि एका म्हाताऱ्याचा रेडिओ उघडायला घेतला.

अकोल्याच्या एका कार्यक्रमात मुंबईच्या एका लहान कंपनीच्या मालकानं त्याचं गाणं ऐकलं आणि ग्रामोफोनची मोठी तबकडी काढायची म्हणून बोलावून घेतलं. वऱ्हाडातून मुंबईला तबकडीसाठी गेलेला आमच्या वस्तीतला तो पहिलाच. एका बाजूला त्यानं जयंतीची गाणी गायली. दुसऱ्या बाजूसाठी मालकाच्या हातात ती फीत दिली. मालकानं सुरुवात ऐकली, गाण्याआधीचं संगीत असावं असं समजून मान हलवली आणि फोनवर बोलायला गेला. गाणं नंतर येईल अशी त्याची समजूत असणार. गाणं आलंच नाही. तबकडी मात्र निघाली.

एस.टी.च्या टपावरून खोकं आलं तेव्हा आम्ही दोघं मानोऱ्याच्या स्टँडवर उभे होतो. त्यानं दोरी तोडली, वरची तबकडी काढली आणि तसाच हातात धरून उभा राहिला. वेष्टनावर दफडं होतं. लाल-पिवळं, भलंमोठं, गोंडे लावलेलं. मुंबईच्या कुणा चित्रकारानं कलाकाराच्या आडनावावरून जात ताडून काढलेलं.

"यायनं मले विचारलंबी नाई," तो म्हणाला.

आम्ही खोकं दुकानात नेलं. माझ्याजवळ मागच्या जयंतीची उरलेली पत्रकं होती. खळ शिजवली आणि एकेका वेष्टनावर पत्रक चिकटवलं. सगळी दफडी झाकून टाकली. संध्याकाळपर्यंत खोकंभर तबकड्या गुलाबी झाल्या.

रविवारी दुपारी विहारात ती ऐकायचं ठरलं. जयंती समितीचे अध्यक्ष म्हणजे आमचे गुरुजी, वस्तीतले पहिले पगारदार. त्यांनी शाळेतून ग्रामोफोन आणला. पुढं चटईवर म्हातारी मंडळी, मागं बाया, दारात आम्ही. त्याचा बाप सगळ्यांत पुढं, धुतलेलं धोतर नेसून, मांडीवर हात ठेवून. मुलगा कुठं बसला ते मी पाहिलं. दाराच्या उंबऱ्यापाशी, अर्धा आत, अर्धा बाहेर.

पहिली बाजू झाली. बाया डोळे पुसत होत्या. गुरुजी म्हणाले, "आवाज सुरेख आला आहे. आपल्या मुलानं वस्तीचं नाव काढलं." एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा, इतक्याशा ताटलीत हा एवढा मोठा पोट्टा मावला कसा?" सगळे हसले. बापही हसला. मला वाटलं, आता थांबावं. पण गुरुजींनी तबकडी उलटवली.

मुसळ सुरू झालं. इंजिन आलं. पाय आले. कोणी म्हणालं, "चक्की हाय काय हे?" पुन्हा हशा. मग चाल बसली आणि हसणं थांबलं. पहिली रिकामी जागा आली तेव्हा काही झालं नाही. दुसरी आली तेव्हा पुढच्या ओळीत एका म्हाताऱ्याची बोटं मांडीवर पडली. तिसरीला आणखी एकाची. त्यांना ते माहीतही नव्हतं. ते पुढं पाहत होते, ग्रामोफोनकडे, आणि त्यांचे हात आपापल्या मांडीवर ती गेलेली थाप भरत होते. बरोबर जागेवर. वीस वर्षं न वाजवलेले हात. मागं बायांना ते दिसलं.

मी माझ्या हाताकडे पाहिलं. तो नुसता पडून होता. मला ती चाल येतच नव्हती. त्या भरलेल्या विहारात मला इतकं एकटं वाटलं की मी दाराची चौकट धरली.

मग त्याच्या बापाला स्वतःचा हात दिसला.

तो उठला. ग्रामोफोन चालूच होता. तो मुलापाशी आला आणि म्हणाला, "दफडं वाजवलं तू."

"बाबा, त्याच्यात दफडं नाई. कोणालेबी विचारा. मुसळ हाय, इंजन हाय..."

"माह्या हातात वाजलं ना बे!" म्हातारा ओरडला. "जे मी चुलीत घातलं ते तू माह्या हातात आणून ठेवलं." आणि चप्पल न घालता निघून गेला.

गुरुजींनी सुई उचलली. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांनी मला पुस्तकं दिली आहेत, फी भरायला मदत केली आहे. पण त्यांनी त्या दिवशी निर्णय दिला तो असा की समितीच्या कोणत्याही कार्यक्रमात ही तबकडी लागणार नाही. पहिली बाजूही नाही. मी म्हणालो, "गुरुजी, दफडं कुठं वाजलं ते दाखवा." ते म्हणाले, "बाळा, वस्तीनं शपथ घेतली ती वाद्याची नव्हती. गावापुढं चालणं सोडण्याची होती. ते चालणं पुन्हा ऐकवायचं कशाला?" याला उत्तर आहे. मी ते नंतर पत्रकात लिहिलं. पण त्या वेळी सगळे उठून गेले.

पुढं बहिष्कार असा कोणी जाहीर केला नाही. नुसतं गायन पार्टीचं बोलावणं त्याच्याऐवजी दुसऱ्याकडे जाऊ लागलं. पाणवठ्यावर लोक त्याला "काय, बरं हाय?" म्हणत आणि उत्तराची वाट न पाहता घागर उचलत. घरात बाप त्याच्यासमोर बसून जेवायचा आणि बोलायचं ते सुनेशी बोलायचा. "त्याले कालवण वाढ" असं. त्याला म्हणजे समोर बसलेल्याला.

मग शहरातून समीक्षा आली. एका मोठ्या दैनिकाच्या रविवारच्या पानावर कोणा जाणकारानं लिहिलं होतं की ही तबकडी म्हणजे मातीचा सुगंध आहे, या कलावंताच्या रक्तातच ताल आहे, आणि दुसऱ्या बाजूवरचा दफड्याचा घणघणाट ऐकताना अंगावर काटा येतो. घणघणाट! ज्या वाद्याचा एक ठोका त्या तबकडीत नाही, त्याचा घणघणाट! शहरात गेलेल्या तबकड्यांवर आमचं पत्रक नव्हतं, वेष्टनावरचं चित्र त्यांना दिसलं असावं, आणि तेवढं त्यांना पुरलं. आणि रक्त म्हणे. त्याच्या बापाच्या रक्तात ताल असता तर चामडं फाडायला हात उठला असता का? रक्तात काही नव्हतं. गावानं शिकवलं होतं आणि त्यांनी सोडलं होतं. मी त्या दैनिकाला कडक पत्र लिहिलं. ते छापून आलं नाही.

माझ्या स्वतःच्या मित्रांनी, म्हणजे शहरात लहान मासिक चालवणाऱ्या पोरांनी, दुसऱ्या बाजूनं झोडपलं. त्यांचं म्हणणं, शब्द नाहीत म्हणजे भूमिका नाही. अन्यायाविरुद्ध ज्वारीचं सूप वाजवून काय होणार? ज्यांना मी माझे समजत होतो त्यांनीच हे लिहावं, हे मला त्या दैनिकापेक्षा जास्त लागलं. त्यांच्याकडे जाणं मी सोडलं. वस्तीत कोणी बोलत नव्हतं, शहरात मला कोणाशी बोलायचं नव्हतं.

तेव्हा मला जे येतं ते मी केलं. पत्रक काढलं. गुरुजींना उत्तर, दैनिकाला उत्तर, मासिकाला उत्तर. लिहिलं की वाजवणं सोडणं हा आमचा पराक्रम आहे, आणि पराक्रमाचा आवाज ऐकवणाऱ्याला गप्प करणं म्हणजे तो पराक्रम पुसणं. बाजाराच्या दिवशी मानोऱ्याला उभा राहून एकटाच वाटत बसलो. लोक कागद घेत, उलटसुलट पाहत आणि विचारत,

"सभा कुठी हाय, भाऊ?"

"सभा नाही. एका तबकडीबद्दल आहे."

"असं? मंग सभा कवा हाय?"

एक बंजारा बाई कागद परत देऊन म्हणाली, "रेकॉर्ड वाजव ना मंग, कागद कायले देतं?" आणि पुढं गेली. वाजवू कशावर? ग्रामोफोन शाळेत होता आणि शाळा गुरुजींच्या हातात.

संध्याकाळी उरलेला गठ्ठा घेऊन मी दुकानात गेलो. त्यानं पत्रक वाचलं. सावकाश, दोन्ही बाजू. बाहेर बाजार उठत होता.

"माह्या बाजूनं लिवलं तू," तो म्हणाला.

"मग?"

"चांगलं लिवलं. पण तू काय आयकलं ते कुठी हाय याच्यात?"

मी चिडलो. ते पत्रक आजही मला चुकीचं वाटत नाही. त्यातली एक ओळ मी मागं घेणार नाही. पण प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तर त्यात नव्हतं हेही खरं. मी म्हणालो, "मला ती चाल येत नाही. माझा हात हलला नाही."

"मंग काय झालं?"

"मोर्चात मी घोषणा देतो, आणि मागून उत्तर यायच्या आधी एक क्षण असतो. कोणी आहे की नाही मागं, ते कळत नाही. ती रिकामी जागा आली की तसं वाटलं. प्रत्येक वेळी. आणि मागून उत्तर आलंच नाही."

त्यानं पत्रक फळीवर ठेवलं. मग हसला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा. "हे कायले नाई लिवलं रे?"

"हे काय लिहायचं?"

"हेच तं लिवाचं असते, लेका. त्या पेपरवाल्यानं नाई लिवलं, तुह्या दोस्तायनं नाई लिवलं. एकट्या बाबानं सांगतलं. माह्या हातात वाजलं म्हणे. ते सोडून कोणी काईच नाई सांगतलं मले."

त्यानं खालून एक डबा काढला. त्यात नव्या फिती होत्या, आवाज भरलेल्या, न कापलेल्या. हिवाळ्यात कापूस वेचणाऱ्या बायांच्या, तांड्यावरून कामाला निघालेल्या बैलगाड्यांच्या, नदीच्या. मला माहीतच नव्हतं की त्यानं हे सगळं जमवलं आहे.

"दुसरी करतोस?" मी विचारलं.

"कोणासाठी करू? जे वाजलं ते बाबाले दुखलं. खरं वाजलं म्हणूनच दुखलं, ते मले समजते. पण साऱ्यायलेच दुखत असन, तं मले कोणाले दुखवाचं नाई. दुसऱ्याच्या हातात दुसरं काई वाजते काय, हे पाह्याचं हाय मले. तुह्या मनात वाजलं. पण तू तं माहाच."

डबा त्यानं परत खाली सारला. ब्लेडला तेव्हाच गंज चढला होता. त्या दिवसानंतर आजवर त्यानं एकही फीत कापलेली नाही. दिवसभर लोकांचे रेडिओ नीट करतो, संध्याकाळी सायकलवर घरी जातो. मी परवा गेलो तेव्हा तो एका रेडिओची घरघर काढत होता. ती गेली, गाणं स्वच्छ लागलं, तसा त्यानं रेडिओ बंद केला आणि पुढचा उघडला. बापानं एवढ्यात त्याच्याशी बोलणं सुरू केलं आहे, पण पावसापाण्याचं, बैलाच्या खुराचं. तबकडीचं नाही.

मी पत्रकं लिहिणारा माणूस आहे. पत्रकाच्या शेवटी 'हजारोंच्या संख्येनं उपस्थित राहा' असं लिहायची मला सवय आहे. इथं हजारो नकोत, आणि फळीसमोर तेवढे उभेही राहू शकत नाहीत. तुम्ही एकटे या. मानोऱ्याच्या बाजारात रेडिओवाल्याचं दुकान कोणीही दाखवील. आता त्यानं स्वतःच एक ग्रामोफोन नीट करून ठेवला आहे. दुसरी बाजू लावायला सांगा आणि शेवटपर्यंत बसा. चांगली आहे म्हणू नका, वाईट आहे म्हणू नका, मातीचं आणि रक्ताचं तर अजिबात काढू नका. जिथं थाप नाही तिथं तुमच्या हाताला, छातीला, डोक्याला काय झालं, तेवढंच त्याला तोंडावर सांगा, मग ते कितीही क्षुल्लक वाटो. काहीच झालं नसेल तर काहीच झालं नाही हे सांगा. पण सांगितल्याशिवाय उठू नका.